लहान मुलांचा रक्तदाब आणि आपला साहाय्य-निधी

वार्षिक स्मरणिकेत आरोग्यविषयक लेख असला की तो मधुमेहावर, नाही तर हृदयविकारावर असावयाचा, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. ते स्वाभाविकही आहे. दिवसभर पेढीवर बसून व्यापार करणाऱ्या वर्गाला हेच दोन रोग अधिक ओळखीचे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका व्याधीविषयी लिहिण्याचे योजिले आहे, जी मुळात विरळ, त्यातही मुलांना होणारी, आणि जिचे नावही आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवर आले नसेल. आनुवंशिक दोषामुळे मूत्रपिंडाला रक्त पुरविणारी रक्तवाहिनी लहानपणीच अरुंद होणे, ही ती व्याधी होय. इतक्या विरळ रोगासाठी स्मरणिकेची पाने का अडवावीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण जितके वैद्यकीय आहे, तितकेच ते आपल्या साहाय्य-निधीच्या कारभाराशी निगडित आहे. म्हणून प्रथम तेच सांगतो.

सीमाभागातील एका तालुक्याच्या गावी भुसार मालाचा व्यापार करणारे आमचे एक सभासद आहेत. त्यांच्या धाकट्या मुलीच्या अंगावर अगदी तान्हेपणापासून फिकट तपकिरी, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे डाग होते. आजीने त्यांना लक्ष्मीच्या खुणा ठरविले. आईने एकदा डॉक्टरांना विचारले तेव्हा ‘जन्मखुणा आहेत, काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले. मुलगी सहा वर्षांची झाल्यावर डोके दुखते असे म्हणू लागली. चष्मा झाला. वर्षाच्या आत दुसरा चष्मा झाला. उन्हाळ्यात नाकातून रक्त येई, ते उष्णतेचे समजून गुलकंद सुरू झाला. सातव्या वर्षी शाळेतच तिला झटके आले, जिल्ह्याच्या ठिकाणी हलविले, आणि तेथे तिच्या आयुष्यात प्रथमच कोणीतरी तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. आकडा १६८/११० निघाला. यंत्र बिघडले असावे असे समजून दुसरे यंत्र आणविले गेले. दुसऱ्यानेही तेच सांगितले.

पुढे मोठ्या शहरातील रुग्णालयात तपास झाला. उजव्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी उगमापाशीच आवळलेली आढळली. आपल्या निधीकडे अर्ज आला, तो एकमताने मंजूर झाला, फुग्याच्या साहाय्याने रक्तवाहिनी रुंद करण्यात आली, आणि मुलगी घरी आली. बैठकीत समाधान व्यक्त झाले. आठ महिन्यांनी दुसरा अर्ज आला. रक्तवाहिनी पुन्हा आवळली होती. तीच क्रिया पुन्हा करावयाची होती. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘एकाच कामासाठी दोनदा पैसे कसे द्यावयाचे? पहिले काम नीट झाले नव्हते काय?’ प्रश्न दुष्टपणाने विचारलेला नव्हता. व्यापारी माणसाच्या तोंडून तो सहज निघावा असाच होता. परंतु त्याचे उत्तर बैठकीत कोणालाच देता आले नाही, आम्हांसही नाही. आम्ही गप्प बसलो आणि अर्ज पुढील बैठकीवर ढकलला गेला. मधल्या काळात त्या गृहस्थांनी दागिने गहाण ठेवून काम उरकून घेतले, हे आम्हांस नंतर कळले. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. तज्ज्ञांकडून व ग्रंथांतून जे समजून घेतले तेच येथे मांडीत आहोत.

मूत्रपिंड म्हणजे लघवी तयार करणारी गाळणी, एवढेच आपण शाळेत शिकतो. पण हृदय मिनिटागणिक जेवढे रक्त बाहेर टाकते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. येणाऱ्या रक्ताचा जोर कमी झाला, तर मूत्रपिंडाची समजूत अशी होते की, सर्व शरीरातच रक्त कमी पडले आहे. मग ते रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते, ते सर्व अंगातील बारीक रक्तवाहिन्या आवळते, मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवावयास लावते, आणि रक्तदाब चढतो. मूत्रपिंड रोगी नसते. ते फसलेले असते. एखाद्या आडवळणी दुकानाला घाऊक पेठेतून माल कमी येऊ लागला, म्हणून त्या दुकानदाराने सर्व बाजारात टंचाईची हाकाटी करावी, तसा हा प्रकार आहे.

रेनिन हे द्रव्य स्टॉकहोम येथे टायगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी १८९८ मध्ये प्रथम दाखविले. पण त्याचे महत्त्व पुढे कित्येक वर्षे कोणी ओळखले नाही. १९३४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील हॅरी गोल्डब्लॅट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीवर चांदीचा लहानसा चाप बसवून ती आवळली आणि त्या प्राण्यांचा रक्तदाब चढून तसाच टिकून राहतो, हे सिद्ध केले. आपल्यासारख्या घरांत वाढलेल्या वाचकांस हा प्रयोग वाचून अस्वस्थ वाटेल, आम्हांसही वाटले. परंतु आज आपल्या मुलांच्या हातावर जी गोळी ठेवली जाते, ती त्या ज्ञानातून आली आहे. तेवढा भाग गाळून उरलेले सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

त्यानंतरचा इतिहास आपल्या निधीच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९३८ साली अमेरिकेतील लेडबेटर आणि बर्कलंड या डॉक्टरांनी सुमारे पाच वर्षांच्या एका मुलाचे आकुंचित रक्तवाहिनीचे मूत्रपिंड काढून टाकले आणि त्याचा रक्तदाब उतरला. एका लहान मुलाच्या बाबतीत मिळालेल्या या यशाने सर्वत्र इतका उत्साह संचारला की, रक्तदाब वाढलेला आणि एक मूत्रपिंड जरासे लहान दिसले की ते काढावयाचे, असा जणू प्रघात पडला. १९५६ साली होमर स्मिथ यांनी अशा शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा खरा लाभ झालेले रोगी चौथाईच्या आसपासच भरले. उरलेल्यांचे मूत्रपिंड गेले आणि रक्तदाब तेथेच राहिला. ‘एकदाच काय ते करून टाका’ हा आग्रह केवळ देणगीदारांचाच असतो असे नव्हे. तो डॉक्टरांनाही होता, आणि त्याची किंमत रोग्यांनी दिली.

आता हा रोग कोणत्या मुलांना होतो ते पाहू. मोठ्या माणसांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचतो, तसे येथे नसते. येथे भिंतीची घडणच बिघडलेली असते. ती जाड, चिवट आणि आतून निमुळती होत जाते. (आमच्या त्या सभासदांच्या घरी मुलीचे तूप बंद करण्यात आले होते. त्याचा या रोगाशी काही संबंध नाही. मीठ मात्र कमी करावे, आणि आपल्या घरांत ते पापड, लोणची व फरसाण यांतून किती जाते, हे कोणी मोजीत नाही.) अशी विकृत घडण ज्या आनुवंशिक विकारांत आढळते, त्यांतील आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल असे नाव म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार पहिला. जर्मन पंडित रेकलिंगहाउझेन यांनी त्याचे वर्णन १८८२ मध्ये केले. सतराव्या गुणसूत्रावरील त्याचे जनुक १९९० साली सापडले. सुमारे तीन हजार जन्मांत एक, असे त्याचे प्रमाण धरतात. त्याची पहिली खूण म्हणजे तेच कॉफीच्या रंगाचे डाग. वयात येण्यापूर्वी पाच मिलिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग अंगावर असतील, तर त्यांना जन्मखुणा म्हणून सोडून देता येत नाही. एखाददुसरा डाग पुष्कळांना असतो. त्याने घाबरण्याचे कारण नाही. मोजावेत मात्र जरूर.

दुसरा विकार विल्यम्स सिंड्रोम. न्यूझीलंडमधील डॉक्टर विल्यम्स यांनी १९६१ मध्ये तो वर्णिला. सातव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गळालेला असतो आणि त्याबरोबर रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणाऱ्या इलॅस्टिनचे जनुकही गेलेले असते. ही मुले फार मनमिळाऊ असतात, परक्यालाही जवळ करतात, संगीतात रमतात. त्यामुळे घरच्यांना त्यांच्या हृदयाचा व रक्तवाहिन्यांचा दोष सहजी ध्यानात येत नाही. तिसरा अलाजिल सिंड्रोम, ज्यात यकृतातील पित्तनलिका कमी असतात आणि सर्वांचे लक्ष कावीळीकडे लागून राहिल्यामुळे रक्तवाहिन्या दुर्लक्षित होतात. या तिन्ही विकारांतील प्रत्येक मुलाला मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद होतेच असे मुळीच नाही, थोड्यांनाच होते. शिवाय भारतात मुलांच्या या व्याधीचे अधिक आढळणारे कारण आनुवंशिक नसून टाकायासु नावाचा रक्तवाहिन्यांचा दाह हे आहे, हेही सांगितले पाहिजे. तेथे आधी दाह शमवावा लागतो आणि उपचाराचा क्रमच बदलतो. म्हणूनच रक्तवाहिनी अरुंद आहे एवढे कळून भागत नाही. ती कशाने अरुंद झाली, हे ठरविल्यावाचून पुढचे पाऊल टाकू नये.

हे सर्व पुढचे झाले. त्या मुलीच्या बाबतीत चूक झाली ती पहिल्याच पायरीवर: सात वर्षे कोणी रक्तदाब मोजला नाही. यात कोणा एकाचा दोष नव्हता. रक्तदाब हा म्हाताऱ्यांचा रोग, अशी आपली सर्वांची ठाम समजूत आहे. वास्तविक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत तीन वर्षांपुढील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा असे सांगितले आहे. आणि ज्यांना वरीलसारखा विकार आहे, त्यांच्या बाबतीत तर तीन वर्षांचीही वाट पाहू नये. त्यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे पट्टा. मोठ्यांचा पट्टा लहानाच्या दंडाला गुंडाळला तर आकडा खोटा कमी येतो, आणि फार अरुंद पट्टा वापरला तर खोटा वाढतो. दुसरी गोष्ट आकड्याची. १२०/८० हा आकडा आपण सर्वांनी उत्तम प्रकृतीची निशाणी म्हणून पाठ केला आहे. पाच वर्षांच्या मुलाचा रक्तदाब १२०/८० भरला, तर तो वाढलेला असतो, आणि थोडाथोडका नव्हे. मुलांचे प्रमाण वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावरून ठरवावे लागते. आमच्या ऐकण्यात असे एक उदाहरण आहे की, जेथे रक्तदाब मोजला गेला, आकडा कागदावर लिहिलाही गेला, आणि तो मोठ्या माणसाच्या मापाने ‘ठीक’ ठरविला गेला.

रक्तदाब खरोखरच वाढलेला ठरल्यावर तपास पायरीपायरीने होतो. रक्त-लघवी, हृदयाची व डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, डॉप्लर सोनोग्राफी, जरूर तर सी.टी. अथवा एम.आर. अँजिओग्राफी, आणि शेवटी रक्तवाहिनीत नळी घालून काढावयाचा अँजिओग्राम. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे रोग नाही, असे ठरत नाही. बारीक फांद्यांतील अरुंदपणा तिला दिसत नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिस असलेल्या व्यक्तीत रक्तदाब वाढविणारी मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीची एक गाठही असू शकते. तीही वगळावी लागते. आणि या मुलांत कधी कधी मेंदूच्या रक्तवाहिन्याही अरुंद असतात. अशा वेळी चढलेला रक्तदाब एका दिवसात खाली ओढला, तर मेंदूलाच रक्त अपुरे पडते. तेव्हा ‘अजून आकडा का उतरत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या पाठीस लागणाऱ्या नातलगांनी थोडा धीर धरावा, हे बरे.

उपचाराचा आरंभ औषधांनीच होतो आणि पुष्कळ मुलांत औषधे एकाहून अधिक लागतात. रेनिनची साखळी तोडणारी कॅप्टोप्रिल, एनालाप्रिल या कुळातील औषधे येथे अगदी मर्मावर बोट ठेवणारी म्हणावीत अशी आहेत, आणि म्हणूनच ती दुधारी आहेत. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, अथवा मूत्रपिंड एकच असेल, तर त्या चढलेल्या दाबावरच मूत्रपिंडाचे काम कसेबसे चाललेले असते. तो आधार एकाएकी काढला तर मूत्रपिंड बंद पडू शकते. शेजारच्या आजोबांना लागू पडलेली रक्तदाबाची गोळी अर्धी करून मुलाला देणे, हा प्रकार आपल्याकडे घडत नाही असे कोणी म्हणू नये. याबाबतीत तो जिवावर बेतेल.

औषधांनी दाब आटोक्यात राहत नसेल, किंवा मूत्रपिंडाची वाढ खुंटत असेल, तेव्हा रक्तवाहिनी रुंद करण्याचा विचार होतो. झ्युरिक येथील आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील मेजावर ज्या फुग्याच्या नळ्या तयार केल्या, त्यांनी १९७७ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीवरही तोच प्रयोग प्रसिद्ध केला. जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सरकवावयाची, तिच्या टोकाचा मिटलेला फुगा अरुंद जागी नेऊन फुगवावयाचा, आणि परत काढावयाचा. पोट फाडावे लागत नाही. मुलांना त्यासाठी भूल मात्र द्यावी लागते. आणि विल्यम्स सिंड्रोमच्या मुलांना भूल देणे हेच एक स्वतंत्र जोखमीचे काम आहे, कारण त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि महारोहिणी यांतील अरुंदपणामुळे भुलेखाली हृदय अकस्मात थांबण्याचा धोका असतो. अशा मुलाला भूल द्यावयाची ती हृदयरोगी मुलांना भूल देण्याचा सराव असलेल्या ठिकाणीच.

येथे आम्ही त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाकडे परत येतो. ज्या मुलांचा अरुंदपणा एकाच लहानशा जागी असतो, त्यांना फुग्याने उत्तम गुण येतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसमध्ये मात्र तो बहुधा उगमापाशी असतो आणि भिंत इतकी चिवट असते की, फुगा काढताच ती पुन्हा मिटू पाहते. काही मुले बरी होतात, काहींचा दाब कमी होऊन औषधे घटतात, आणि काहींना काहीच फरक पडत नाही. पुन्हा फुगवावे लागणे हा पहिल्या कामातील दोष नव्हे. तो रोगाचा स्वभाव आहे, आणि चांगला डॉक्टर हे आरंभीच सांगतो. ‘मग धातूची जाळी, स्टेंट, का बसवीत नाहीत? एकदाचे काम होईल,’ असेही बैठकीनंतर एकाने आम्हांस विचारले. त्याचे उत्तर सोपे आहे. मूल वाढते, जाळी वाढत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या मापाची जाळी सतरा वर्षांच्या मुलीच्या रक्तवाहिनीत अडथळा होऊन बसते, तिच्या आतही पेशी माजून ती बुजते, आणि पुढे शस्त्रक्रिया करावयाची झाल्यास तीच आडवी येते. म्हणून जाणते डॉक्टर मुलांत ती शक्यतो टाळतात. जो उपाय देणगीदाराला सर्वांत सोयीचा, तोच मुलाला सर्वांत गैरसोयीचा, असे येथे घडते.

फुगा निरुपयोगी ठरला तर शस्त्रक्रिया आहे. अरुंद भाग कापून रक्तवाहिनी महारोहिणीला नव्या जागी जोडणे, मुलाच्याच शरीरातील दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा घेऊन वळणमार्ग काढणे, किंवा मूत्रपिंडच सोडवून ओटीपोटात खाली बसविणे, असे तिचे प्रकार आहेत. मोठ्यांत पायातील नीलेचा तुकडा वापरतात. मुलांत तो कालांतराने फुगून जातो, म्हणून ओटीपोटातील एका रोहिणीचा तुकडा पसंत करतात. शक्य तेथे मूल थोडे मोठे होईपर्यंत औषधांवर व फुग्यावर वेळ काढणे, हाही उपचारच होय. ती चालढकल नव्हे. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालय आणि अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठ या ठिकाणी अशा मुलांवर कित्येक दशके काम झाले आहे. त्या अनुभवाचा इत्यर्थ आम्हांस असा दिसतो की, कोणती क्रिया केली यापेक्षा मूत्रपिंडतज्ज्ञ, नळीचे काम करणारे तज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून ती कधी करावयाची हे ठरविले की नाही, याला महत्त्व अधिक. गावोगावच्या चकचकीत रुग्णालयांत मोठ्यांच्या हृदयाला फुगे घालण्याची सोय झाली आहे, म्हणून तेथेच मुलाचेही उरकावे, हा मोह आवरावा.

आता निधीविषयी. आपले नियम शस्त्रक्रियेसाठी मदत देतात. पावती असते, तारीख असते, रक्कम ठरलेली असते, आणि पुढच्या अहवालात एक ओळ छापता येते. परंतु या मुलांचा खरा खर्च त्या दिवसानंतर सुरू होतो. दररोजची औषधे, दर काही महिन्यांनी रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, परगावी जाण्या-येण्याचे भाडे, आईबापांचे बुडालेले दिवस, घरी मोजण्यासाठी योग्य पट्ट्याचे यंत्र. यांतील एकही बाब आपल्या अर्जाच्या नमुन्यात बसत नाही. आपण व्यापारी माणसे मालमोटार घेतो तेव्हा टायर, तेल आणि दुरुस्ती यांची तरतूद न करता ती रस्त्यावर सोडीत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र आपण मोटारीचे पैसे देतो, हार घालतो आणि पेट्रोलपंपाशी तोंड फिरवितो. अशाने पहिली देणगीही वाया जाते, कारण औषध सुटले की दाब चढतो आणि उघडलेली वाहिनी केव्हा मिटली हे कोणाला कळतही नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, निधीने असल्या अर्जांची संख्या हवी तर कमी करावी, पण जे मूल घ्यावे ते अठरा वर्षांपर्यंत घ्यावे. यामुळे दरवर्षीच्या अहवालात लाभार्थींचा आकडा घटेल. तो घटू द्यावा.

सरकारी मदतीचीही माहिती आपल्या कार्यालयात असावयास हवी. भारत सरकारने २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याखालील केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, आणि हैदराबादकडील सभासदांना तेथील डी.एन.ए. निदान केंद्र व निजाम संस्था जवळ पडेल. मदत धोरणात नोंदलेल्या विकारांपुरती असते. आपल्या मुलाचा विकार त्यात बसतो की नाही हे त्याच केंद्रात विचारावे, ऐकीव माहितीवर आशा किंवा निराशा करून घेऊ नये.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या घरांत अशा विकाराची वाच्यता होऊ देत नाहीत. कारण उघड आहे: सोयरीक. थोरल्या बहिणीचे जमत आलेले लग्न धाकटीच्या डागांमुळे फिसकटेल, ही भीती आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तथापि या विकाराच्या निम्म्याच्या आसपास मुलांत तो आईकडून वा बापाकडून आलेला नसतो. त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. घराण्याला बोल लावण्यास तेथे जागाच नाही. उरलेल्यांत आईला किंवा वडिलांना तो असतो, कित्येकदा इतका सौम्य की त्यांना स्वतःला ठाऊक नसतो. आणि ज्याला तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. हे कळण्यासाठी तपासणी आहे, समुपदेशन आहे. लपविण्याने मात्र काय होते, ते ऐका. वर सांगितलेल्या कॅप्टोप्रिल-एनालाप्रिल कुळातील गोळ्या गरोदरपणी गर्भाला घातक आहेत. दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांनी त्या बदलून द्यावयाच्या असतात. ज्या मुलीला सासरी गोळी लपवून घ्यावी लागते, ती हे कोणाला विचारणार? किंवा भीतीने गोळीच सोडून दिली, तर चढलेल्या रक्तदाबासह तिचे बाळंतपण कसे पार पडणार? सोयरीक जुळविणाऱ्या मंडळींनी पत्रिकेबरोबर याचाही विचार करावा. ज्यांनी लपविले त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्यांच्यामुळे लपवावे लागते, त्या आपल्या सर्वांना देतो.

त्या भुसारवाल्या सभासदांकडे आम्ही यंदा दिवाळीनंतर मुद्दाम जाऊन आलो. मुलगी आता बारा वर्षांची आहे. दुसऱ्या खेपेस केलेली क्रिया टिकली आहे, उजवे मूत्रपिंड डाव्याहून किंचित लहान आहे पण काम करते, आणि तीन औषधांवरून ती दोनवर आली आहे. दुसरा चष्मा कधीच सुटला. पहिला खराच लागत होता, तो आहे. निधीने तो अर्ज लांबणीवर टाकला त्याबद्दल आम्ही क्षमा मागितली, तेव्हा त्या गृहस्थांनी विषय बदलला आणि लाल कापडी बांधणीची एक लांब वही पुढे केली. दुकानाच्या चोपड्यांबरोबरच तिचेही पूजन झालेले दिसत होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक होते. आत पाच वर्षांच्या नोंदी: तिथी, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि शेरा. आरंभीची पाने वडिलांच्या हातची, नंतर आईच्या, आणि गेल्या दोन वर्षांची मुलीच्या स्वतःच्या अक्षरात. आमच्यासमोर तिने स्वतःच पट्टा बांधला, पाच मिनिटे न बोलता बसली, आणि १०८/६६ असा आकडा लिहून शेऱ्याच्या रकान्यात ‘पाहुणे आले होते’ असे लिहिले.